पिशाचाचे दात फक्त मी पाहिले

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. माझ्या पोटात सावरीचा कापूस आहे, अंगावर फिकट निळा अभ्रा आहे आणि डाव्या कोपऱ्यावर चहाचा एक डाग आहे. त्या डागाची हकिगत मी शेवटी सांगेन. उशांच्या नशिबी बहुधा झोपलेली डोकी येतात. माझ्या नशिबी मात्र एक टक्क जागा चेहरा आला, आणि तो घाबरलेला असूनही तसे कधी कबूल करत नसे.

माझा जन्म कन्नड मुलखातल्या एका शहरात, शिवाजीनगरच्या बाजारात झाला. बसस्थानकामागच्या एका गल्लीत गाद्या-उशांचे चिंचोळे दुकान होते. तिथला पिंजारी धनुकलीची तार छेडी, कापूस उसळून वर जाई आणि त्या काळोख्या दुकानात क्षणभर एक छोटा ढग तरंगत राही. मी त्या ढगाचा एक तुकडा आहे. एके सकाळी संध्याबाई आल्या. त्यांनी मला दोन्ही तळव्यांत दाबले, कानाशी धरून हलवले आणि आत किती सरक्या राहिल्या आहेत ते ऐकले. मग पिंजाऱ्याला म्हणाल्या, "स्वल्प अजून भरा." पिंजारी "सरी अम्मा", म्हणजे 'बरं बाई', म्हणाला आणि ढगाची आणखी एक मूठ माझ्यात आली. पुढे जे काम माझ्या वाट्याला येणार होते, त्याला ती मूठ फार उपयोगी पडली.

हेब्बाळच्या तळ्याजवळ एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आमचे घर आहे. घरात दोघेच राहतात. संध्याबाई विमानांच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर गणिते करून निवृत्त झाल्या. त्यांचे यजमान वासुदेवराव एका सरकारी कारखान्यात माल तपासनीस होते. चाळीस वर्षांपूर्वी सांगलीहून आले, तेव्हापासून त्यांच्या खिशात माप घेण्याची पट्टी असते. त्यांचे एक वाक्य साऱ्या इमारतीला पाठ आहे: "न पाहिलेल्या मालावर मी जन्मात सही केली नाही." हे वाक्य म्हणताना त्यांची मान किंचित ताठ होते. ते खरेही होते, निदान कारखान्यापुरते.

निवृत्तीनंतर या घरात एक प्रथा सुरू झाली. दर रविवारी दुपारी तीन वाजता खिडक्यांचे पडदे ओढायचे, भर उन्हात काळोख करायचा आणि सिनेमा लावायचा. सिनेमा भुताचा, रक्त पिणाऱ्या पिशाचाचा किंवा अवकाशातला हवा. रडके सिनेमे पाहायला अख्खे जग आहे, असे वासुदेवरावांचे मत होते. सिनेमा संपला की चहा मिळे. मात्र आधी प्रत्येकाने आपले मत सांगायचे. मत नाही तर चहा नाही. मते वासुदेवराव एका लांबट वहीत उतरवून घेत. वहीत रकाने आखलेले होते: माल, दोष, भीती, शेरा. शेऱ्यात 'पास', 'नापास' किंवा 'पुन्हा तपासणी' यांपैकी एक येई आणि खाली त्यांची वळणदार सही.

तळमजल्यावरच्या राजलक्ष्मीअक्का दर रविवारी चकल्यांचा डबा घेऊन येत. त्यांचे मराठी घराणे इथे चार पिढ्यांपासून आहे, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात दोन भाषा फुगडी घालतात. त्या वासुदेवरावांना अण्णा म्हणत. त्यांची मते छोटी आणि ठाम असत. "भूत बरं होतं हो अण्णा, पण स्वल्प आळशी. तीन तास घेतले, एक माणूस मारला," असे एकदा त्या म्हणाल्या आणि चहाचा पेला पुढे केला.

संध्याबाईंचा जीव अवकाशपटांत होता. त्याही तिथे तपासनीसच. यानाचा स्फोट होऊन मोठा आवाज झाला की त्या शांतपणे रिमोट उचलून आवाज बंद करत. पोकळीत आवाज होत नाही, मग ऐकायचा कशाला, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे आमच्या घरी तारे नेहमी मुक्यानेच फुटत.

आणि वासुदेवराव? त्यांच्या मांडीवर मी असे. सिनेमात दाराची कडी हलू लागली, वाद्यांचा सूर खाली खाली उतरू लागला, की त्यांची बोटे माझ्यात रुतत. मग मी हळूच वर सरके. जणू हनुवटी टेकायलाच मला घेतले आहे, अशा बेताने मी त्यांच्या डोळ्यांपुढे येई. माझी एक बाजू त्यांच्या श्वासाने दमट होई आणि दुसरी टीव्हीकडे असे.

म्हणजे काय झाले, मित्रांनो, ते नीट ध्यानात घ्या. जे जे वासुदेवरावांनी पाहिले नाही, ते सारे मी पाहिले. एकाही सिनेमाची सुरुवात मला ठाऊक नाही. कोण कोणाचा मुलगा, कोणाचे कोणावर प्रेम, हे मला कधी कळले नाही. मला फक्त भीतीचे क्षण ठाऊक आहेत, एकापुढे एक ओवलेले, अंधारातल्या काजव्यांसारखे.

इतके पाहून माझीही काही मते झाली आहेत. भुतापेक्षा भूत येण्याआधीचे दार अधिक चांगला अभिनय करते. पिशाचांविषयी मला माया वाटते. त्यांना आरशात स्वतःचा चेहरा दिसत नाही; मलाही माझा कधी दिसलेला नाही. आणि अवकाशपटांविषयी माझी एक तक्रार आहे. त्या लखलखीत यानांत माणसे काचेच्या पेट्यांत झोपतात, उशी कुठेच नसते. ज्या भविष्यात उशी नाही, तिथली माणसे घाबरली की तोंड कुठे लपवत असतील?

हे गुपित आणखी एका व्यक्तीला ठाऊक होते. भयानक प्रसंग संपला की संध्याबाई हलकेच खोकत. तो खोकला ऐकला की मी खाली येई. याविषयी त्या दोघांत कधी एक शब्दही झाला नाही. कवितेतल्या दोन ओळींमध्ये कोरी जागा असते, तसा तो खोकला त्या दोघांमध्ये होता.

सिनेमा संपल्यावर वासुदेवराव चष्मा पुसत आणि वहीत लिहीत: 'भीती: शून्य. शेरा: नापास.' ऐकीव गोष्टींवरून आणि आवाजांवरून ते दोषही नोंदवत. त्यांचा हा निधडेपणा इमारतीत गाजला. कौतुक ऐकताना त्यांचा हात माझ्यावरून फिरे, आणि मला त्यात आभार आणि थोडी भीड दोन्ही जाणवे.

मग अक्षरा आली. ती त्यांची नात, तिसऱ्या मजल्यावर आईजवळ, म्हणजे त्यांची लेक देवश्री हिच्याजवळ राहते. दहा वर्षांची झाल्यावर तिला रविवारच्या काळोखात बसायची परवानगी मिळाली. ती आजोबांना अगदी चिकटून बसे. दार करकरले की दोन्ही तळहात डोळ्यांवर घेई आणि सिनेमा संपल्यावर आजोबांच्या वहीत डोकावून 'भीती: शून्य' ही अक्षरे वाची. वाचून झाल्यावर ती काही बोलत नसे. मला वाटे, मुलगी शांत आहे. मी उशी आहे, मला चेहरे वाचता येत नाहीत. सिनेमाच्या वेळी माझे तोंड नेहमी दुसरीकडेच असते.

एका रविवारी पिशाचाचा सिनेमा लागला. जुन्या किल्ल्यात मेजवानी होती, मेणबत्त्या एकेक करून विझल्या आणि काळ्या झग्यातले ते पिशाच पाहुणीच्या मानेकडे वाकले. त्याने ओठ उघडले. अक्षराचे हात तिच्या डोळ्यांवर गेले आणि मी वासुदेवरावांच्या. दात फक्त मी पाहिले. खोकला झाला, मी खाली आले. चहाच्या वेळी वासुदेवरावांनी मोठ्याने सांगत लिहिले: "दातांची मापं चुकलीत. अशा दातांना कोण घाबरेल? भीती शून्य. नापास." अक्का हसल्या. अक्षरा त्या दिवशी चहा न पिताच वर गेली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. गृहपाठ आहे, असा निरोप आला. त्याच्या पुढच्या रविवारी पोट दुखत होते. त्या दिवशी वासुदेवरावांनी वही उघडली, तर शेवटच्या पानावर, मधल्या आठवड्यात कधीतरी गुपचूप येऊन, अक्षराने त्यांच्याच रकान्यांत शिसपेन्सिलीने लिहिले होते:

'माल: अक्षरा. दोष: डोळे मिटते. भीती: खूप. शेरा: नापास.'

खाली सहीदेखील होती, आजोबांच्या वळणाची नक्कल केलेली.

मित्रांनो, माझ्या अंगावर किती भुते आली आणि गेली, पण वासुदेवरावांची बोटे त्या दुपारी माझ्यात जशी रुतली तशी कधीच रुतली नव्हती. सिनेमा लागला नव्हता, पडदे उघडे होते, तळ्याकडून उजेड येत होता. एक पोर स्वतःला मोडीत काढू पाहत होती, आणि तिने ज्या मापाने स्वतःला मोजले ते मापच खोटे होते. ते खरे करायचे तर चाळीस वर्षे जपलेले वाक्य मोडावे लागणार होते.

संध्याबाई दारात उभ्या होत्या. वही त्यांनीही पाहिली होती. त्या खोकल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "अहो, जिना चढताना उशी घेऊन जा."

वासुदेवराव मला काखेत मारून भर दुपारी तिसऱ्या मजल्यावर गेले. वाटेत अक्का भेटल्या. अण्णा झोपायला लेकीकडे चालले काय, असे त्यांनी विचारले. वासुदेवराव पायऱ्या चढतच राहिले. अक्षरा गॅलरीत पुस्तक घेऊन बसली होती. ते तिच्या शेजारी खाली बसले, गुडघे कुरकुरले, आणि त्यांनी मला दोघांच्या मध्ये ठेवले.

"मी त्या पिशाचाचे दात पाहिलेले नाहीत," ते म्हणाले.

अक्षराने पुस्तकातून मान वर केली. "मग मापं कुठून आली?"

"मनातून. दात निघाले तेव्हा मी हिच्यामागे होतो." त्यांनी माझ्यावर थाप मारली. "त्याच्या आधीच्या सिनेमातसुद्धा. त्याच्याही आधीच्या."

"सगळ्या?"

"एकशे एकेचाळीस."

मला वाटले, आता ती हसेल. ती हसली नाही. तिचे डोळे बारीक झाले आणि भुवया अगदी आजोबांसारख्या जवळ आल्या. "म्हणजे तुम्ही न बघता सही केलीत?"

"केली."

"आणि मी इथे नापास होऊन बसले."

"तू घाबरलीस आणि तसं लिहिलंस. त्या वहीत खरा शेरा तेवढा एकच आहे, बाळ. बाकीच्या सह्या माझ्या आहेत."

खालून रिक्षावाल्याचे कन्नड आणि कुणाचा तरी कुकर ऐकू येत होता. मग अक्षराने मला उचलले, उलटेपालटे करून दोन्ही बाजू तपासल्या आणि जणू कारखान्याच्या फाटकात उभी असल्यासारखी म्हणाली, "पुन्हा तपासणी. रविवारी. उशीशिवाय."

त्या रविवारी तोच सिनेमा पुन्हा लागला. मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले होते, पडद्याच्या फटीतून येणारे ऊन पाठीवर घेत. तिथून मला टीव्ही दिसत नव्हता. समोर माणसे दिसत होती. इतक्या वर्षांत प्रथमच मी सिनेमा पाहतानाचे त्यांचे चेहरे पाहिले. निळा उजेड त्यांच्यावर हलत होता, तळ्याच्या पाण्यावर संध्याकाळ हलते तसा. वासुदेवरावांनी ओठ घट्ट मिटले होते, अक्षराने त्यांचा अंगठा मुठीत धरला होता. संध्याबाई टीव्हीकडे पाहतच नव्हत्या. त्या दोघांकडे पाहत होत्या. मेणबत्त्या विझल्या, वाद्ये खाली उतरली. आजोबा आणि नात दोघांचे डोळे विस्फारले, पण मिटले नाहीत. आणि मग दोघांच्या कपाळावर एकाच वेळी एकच आठी उमटली.

"आजोबा, डावा हलतोय."

"हलतोय खरा. बसवताना घाई केलीय."

"आमच्या काकूंची कवळी याहून बरी होती हो," राजलक्ष्मीअक्का म्हणाल्या.

मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पिशाचाचा डावा दात हलत होता आणि बिचारे ते जिभेने सावरत होते. मी कोणाला सांगणार?

हसू ओसरते न ओसरते तोच पिशाच छतावरून उलटे खाली आले. दोघेही असे ओरडले की तळमजल्यावरचे कुत्रे भुंकू लागले. अक्षरा उठली, धावत खिडकीशी आली, मला घेऊन गेली, आणि आम्ही तिघे एकत्र झालो. या वेळी माझी एक बाजू दोन श्वासांनी दमट झाली.

चहाआधी मते झाली. वासुदेवरावांनी पेन उघडले आणि थांबले. मग म्हणाले, भीतीच्या सिनेमात भीती शून्य असेल तर तो माल नापासच. पण हा माल चांगला होता आणि आपण इतकी वर्षे चांगला माल परत पाठवत होतो. त्यांनी लिहिले: 'दोष: डावा दात. भीती: भरपूर. शेरा: पास.' सही दोघांची झाली. शेवटच्या पानावरचा 'नापास' अक्षराने स्वतः खोडरबराने पुसला आणि तिथे 'पास' असे शाईने लिहिले. मग वहीत एक नवा रकाना आखला गेला: 'उशीआड किती मिनिटे'. पहिल्याच ओळीत दोघांपुढे चार-चार मिनिटे आहेत. ते आकडे पाहून संध्याबाईंना एवढे हसू आले की त्यांच्या हातातला पेला हिंदकळला. माझ्या डाव्या कोपऱ्यावरचा डाग तो हाच.

मित्रांनो, आता माझी शिवण एका बाजूने उसवली आहे, कापूस गोळा झाला आहे, नवी उशी आणण्याचा विषयही घरात निघतो. मला महिन्यातून एकदा ऊन दाखवा, हलक्या हाताने झोडपा आणि उसवले तिथे दोन टाके घाला, एवढ्याने माझे भागेल. तो डाग मात्र धुऊन काढू नका. आणि तुमच्या घरातली उशी कोणाच्या डोळ्यांपुढे वर सरकताना दिसली, तर त्या माणसाला हसू नका. त्याच्या जवळ सरकून बसा. माझ्यामागे दोन डोकी सहज मावतात. संध्याबाईंनी मागून घेतलेली ती जास्तीची मूठ अजून माझ्यात आहे.