शेवटचा टाका

अण्णा चामड्याच्या पिशव्या शिवायचे आणि मी कंपनीत बजेट मांडायचे. आम्हा बापलेकीत बोलायला विषय नसायचा. एकदा फोनवर मी सांगितलं, बजेट म्हणजे मुळात चामड्याची छोटी पिशवी. शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि पुढे पैशांच्या नियोजनालाच तो चिकटला.

"म्हणजे जन्मभर मी तेच करतोय म्हण की," अण्णा म्हणाले. "तुला मात्र त्यासाठी एवढं शिकावं लागलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी ते बाजारभर सांगितलं. आईने कपाळाला हात लावला.

मग दर आठवड्याला फोन. "तुझं बजेट शिवून ठेवलंय. ये, घेऊन जा."

त्यांची एक खोड होती. गिऱ्हाईकाने समोर बसून आपल्या वस्तू आत घालायच्या, झाकण लावून बघायचं, मगच ते शेवटचा टाका घालत. पोस्टाने पाठवा म्हटलं तर रागावले. मी म्हणायचे, वर्षअखेरची कामं उरकू देत, मग येते.

गेले ती अण्णा गेल्यावरच. दुकानात खिळ्याला पिशवी टांगलेली होती आणि दोऱ्याला सुई लोंबत होती. मी गिऱ्हाईकाच्या स्टुलावर बसले, चष्मा आणि किल्ल्या आत घातल्या, झाकण लावलं. अगदी बरोबर बसलं.

"आण, मी घालते टाका," आई म्हणाली.

मी पिशवी दिली नाही. अजून वर्षअखेरीला उशिरापर्यंत काम करते, आणि निघताना किल्ल्या काढायला गेले की ती सुई बोटाला टोचते.