येसनाकचा बांध

मन्मथअप्पांनी किराणा दुकानाची गादी थोरल्या मुलाच्या, शिवमूर्तीच्या हवाली केली ती पंच्याहत्तर सालच्या दसऱ्याला. त्यानंतर त्यांच्या दुपारी रिकाम्या झाल्या. अशाच एका दुपारी पालमच्या शाळेनं त्यांना बक्षीस वाटायला बोलावलं. कार्यक्रम संपल्यावर हेडमास्तरांनी मोठ्या कौतुकानं शाळेची लायब्ररी दाखवली. लायब्ररी म्हणजे एक पत्र्याची ट्रंक. तिच्यात मधमाशा पाळण्याचं एक पुस्तक होतं, स्वच्छतेचं एक होतं, दूरदूरच्या राजेरजवाड्यांची दोन-चार होती. अप्पांनी सगळी चाळली आणि विचारलं, की आपल्या खेमदेव राजाचं ह्यात काहीच कसं नाही? हेडमास्तर परजिल्ह्यातले होते. त्यांनी ते नावच ऐकलं नव्हतं.

खेमदेव हा गोदाकाठचा जुन्या काळातला राजा. त्याच्या गोष्टी अप्पांना त्यांच्या आईनं सांगितल्या होत्या, आणि आईला तिच्या आईनं. कागदावर त्या कुठंच नव्हत्या. अप्पांनी ठरवलं, की डोळे मिटायच्या आत त्या पोरांच्या हातात द्यायच्या. अडचण एकच होती. अप्पा निजामाच्या काळात शिकलेले. उर्दू ते झरझर लिहीत, पण मराठी वाचायचं तर ओळीखाली बोट ठेवून, आणि लिहायचं तर सहीपुरतं.

"माझी लेखणी उजवीकडून डावीकडं चालती," ते हेडमास्तरांना म्हणाले. "डावीकडून चालवणारा एखादा गुरुजी द्या मला."

हेडमास्तरांनी तात्यारावाला पाठवलं. तात्याराव चौथीचा वर्ग घेई. पंचविशीचा, पेडगावच्या बौद्ध कुटुंबातला, अक्षर छापल्यासारखं. वडील नव्हते, म्हणून नोकरीच्या गावी, पालमच्या भीमनगरात, तो आईला घेऊन राहत होता. अप्पा लिंगायत वाणी; त्यांच्या दाराशी येऊन तो अडला. घरात शिरायचं की ओसरीवर थांबायचं, हे त्याला कळेना. पण अप्पांनी त्याला सरळ आत नेलं, आपल्या शेजारी गादीवर बसवलं, आणि शिवमूर्तीची बायको मल्लम्मा दोघांना चहा देऊन गेली.

संध्याकाळी सरजाबाईनं, म्हणजे तात्यारावाच्या आईनं, विचारलं, "चहा कशात दिला?"

"सगळ्यांच्याच कपात."

"आन् कप कोणी इसळला?"

"त्यांनीच."

पुढचे कितीतरी दिवस सरजाबाई हेच विचारत राहिली, आणि तेच उत्तर ऐकून चुलीकडं वळत राहिली.

काम सुरू झालं तेव्हा दोघांचं जमेना. पुस्तकात भारदस्त शब्द हवेत असा अप्पांचा समज होता. राजा अश्वावर आरूढ झाला, असं ते सांगत. तात्याराव लिही, राजा घोड्यावर बसला. अप्पांना ते फार साधं वाटे. मग तात्यारावानं एक युक्ती केली. तो ती पानं शाळेत नेऊन वर्गात वाचू लागला आणि पोरं कुठं चुळबुळतात, कुठं गप्प होतात, ते अप्पांना येऊन सांगू लागला. राजानं शेकडो वैरी कापून काढले, इथं पोरं खिडकीबाहेर बघत होती. पण वेश पालटून राजा कुंभाराच्या घरी मुक्कामाला राहिला, तेव्हा त्याला जेवायला काय वाढलं, हे सगळ्यांना हवं होतं.

अप्पा विचारात पडले. आईनं ते सांगितलं होतं, आणि त्यांनी ते बारीकसारीक म्हणून गाळलं होतं. "कण्या," ते म्हणाले. "ज्वारीच्या कण्या आन् ताक. राजानं दोनदा मागून घेतलं."

तेव्हापासून अप्पा तात्यारावाच्या मतानं चालू लागले. पुरात गोदावरी ओलांडताना घोडा बुजला, तेव्हा राजा खाली उतरला आणि लगाम दातात धरून घोड्याच्या पुढं पोहत गेला, ती गोष्ट झाली. कुंभाराची झाली. एखादा प्रसंग मनासारखा उतरला, की अप्पा डोळे मिटून घेत आणि म्हणत, आता आई सांगायलीय असं वाटायलंय. तात्यारावालाही त्या दुपारची ओढ लागली. त्याच्या वाट्याला अशी म्हातारी माणसं फार आली नव्हती. वडील तो लहान असतानाच गेलेले, आणि आजा त्यानं पाहिलाच नव्हता.

मग तळ्याची गोष्ट आली.

खेमदेवानं दुष्काळात तळं बांधायला घेतलं. बांध उभा राही आणि पहिल्या मोठ्या पावसात फुटे. तीन वर्षं असं झालं. मग देवी राजाच्या स्वप्नात आली आणि म्हणाली, माणूस दे. अप्पा नेहमीच्या सुरात सांगत होते. "मग राजानं येशीबाहेरचा एक माणूस आणला, अन् त्याला बांधात चिणला. त्या साली पाणी ठरलं. राजानं त्याच्या घरच्याला साडीचोळी केली."

तात्यारावाचा हात थांबला. अप्पांना वाटलं, शाई संपली. तात्यारावानं ते वाक्य पुरं केलं, पेनाला टोपण लावलं, आणि आज वर्गाचे पेपर तपासायचे आहेत असं सांगून तो उठला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

शेवटी अप्पाच काठी टेकत शाळेत आले. सुट्टी झाली होती. दोघं अंगणातल्या लिंबाखाली बसले. अप्पांनी विचारलं, की माझं काही चुकलं का, घरात कोणी काही बोललं का? तात्याराव नाही म्हणाला.

"अप्पा, ही गोष्ट मला वर्गात वाचता येणार न्हाई," तो म्हणाला. "माझ्या वर्गात भीमनगरातली पोरं हायेत. येशीबाहेरचा माणूस म्हटलं, की बाकीची पोरं मान वळवून त्यांच्याकडं बघतील."

ही गोष्ट अप्पांनी आपल्या मुलांना सांगितली होती, नातवंडांना सांगितली होती. त्या माणसाकडं त्यांचं लक्ष कधी गेलंच नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष पाणी ठरलं की नाही, ह्याच्याकडं असे. ते एवढंच म्हणाले, की मग काढून टाकू ही गोष्ट. दुसऱ्या पुष्कळ आहेत.

तात्यारावाला हायसं वाटलं. घरी येऊन त्यानं आईला सगळं सांगितलं. सरजाबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"काढली? आन् मग येसनाक?"

"कोण येसनाक?"

"बांधातला. त्याला नाव व्हतं की."

सरजाबाईचं माहेर पालमजवळच्याच एका खेड्यात. तिथंच ते तळं होतं; आता ते शेतांखाली बुजलेलं होतं, पण तिच्या माहेरी त्या माणसाची गोष्ट बायका सांगत आल्या होत्या. तात्याराव शहरात वसतिगृहात राहून शिकलेला. ही गोष्ट त्याच्या कानावर कधी आली नव्हती, आणि त्यानंही कधी विचारली नव्हती. त्यानं ती त्या संध्याकाळी ऐकली आणि दुसऱ्या दिवशी अप्पांना सांगायला गेला. अप्पांनी पहिल्याच वाक्याला हात वर करून त्याला थांबवलं.

"तू नको सांगू. ज्यांची हाय त्यांच्या तोंडून ऐकतो. मी येतो तुमच्याकडं."

पालममध्ये जन्म गेला, तरी अप्पा भीमनगरात कधी आले नव्हते. रविवारी दुपारी ते आले तेव्हा शेजारच्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. तात्यारावानं हेडमास्तरांकडून खुर्ची आणून ठेवली होती. अप्पा ती बाजूला सारून सतरंजीवर बसले. सरजाबाईनं चहा केला. कपबशी तिनं अप्पांच्या पुढं ठेवली. अप्पांनी बशीत चहा ओतला, सावकाश प्यायले, आणि म्हणाले, "बाई, सांगा आता."

सरजाबाईनं पदर सावरला. पहिल्यांदा तिचा आवाज बारीक होता. मग तो लागत गेला. येसनाक बांधावरचा राखणदार. दिवसा माती वाहायची, रात्री पहारा द्यायचा. चौथ्या साली पाऊस लागला, अन् अंधारात बांधाला भेग गेली. येसनाकनं हाका मारल्या, पण पावसात कोणाला ऐकू जाईना. मग तो स्वतःच त्या भेगेत उतरला. पाठ लावून उभा राहिला, वरून माती ओढत राहिला आणि ओरडत राहिला. शेवटी त्याचा आवाज राजाच्या छावणीपर्यंत पोचला. राजा अनवाणी धावत आला. त्यानं डोक्यावर माती वाहिली. त्याचं बघून सरदारांनी वाहिली, बायाबापड्यांनी वाहिली. उजाडेपर्यंत बांध ठरला. येसनाक त्याच्या आतच राहिला.

"पुढं राजा जिता व्हता तवर," सरजाबाई म्हणाली, "त्या जागी आला की घोड्यावरून उतरायचा. वहाणा हातात घ्यायचा. अन् म्हणायचा, हे पाणी येसनाकचं हाय."

मग अप्पांनी विचारलं, "बाई, खरं कोणतं म्हणायचं? माझ्या आईचं का हे?"

"ते मला काय ठावं," ती म्हणाली. "तुमच्यात माणूस नेला म्हणतेत. आमच्यात माणूस गेला म्हणतेत. पण त्याचं नाव आमी जपलंय."

परत जाताना तात्याराव अप्पांना सोडायला निघाला. वाटेत त्यानं मनातलं सांगून टाकलं. आईची गोष्ट त्याला प्यारी होती, पण त्याला भीती वाटत होती, की खरी गोष्ट अप्पांच्या आईचीच असेल, आणि ते दुःख सोसेना म्हणून आपल्या बायकांनी दुसरी रचली असेल. आता नुसती दुसरीच लिहिली, तर राजा फुकटात सुटतो. अप्पा चालता चालता थांबले. खेमदेव त्यांचा लहानपणापासूनचा राजा. त्याच्यावर डाग पडू द्यायला त्यांचं मन घेईना, हे तात्यारावाला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग काठी टेकत ते घरापर्यंत आले.

"दोन्ही लिही," ते उंबऱ्याशी म्हणाले. "आन् पहिल्या गोष्टीखाली माझ्या नावानं लिही, की असं झालं असंल, तर राजा कितीबी शूर असू दे, त्यानं हे वाईट केलं. पोरांना कळू दे."

तात्यारावानं तसंच लिहिलं. 'वेशीबाहेरचा माणूस' असं कुठंच राहिलं नाही. दोन्ही गोष्टींत त्या माणसाला नाव होतं. शहात्तर सालच्या उन्हाळ्यात परभणीच्या एका छापखान्यातून ते पुस्तक छापून एस.टी.नं आलं. पातळ, पिवळ्या कव्हराचं, आत घोड्याचं एक चित्र. 'सांगणार' म्हणून दोन नावं होती, मन्मथअप्पा आणि सरजाबाई. ते अप्पांनी छापखान्यात स्वतः जाऊन घालून घेतलं होतं. तात्यारावाला ते पुस्तक हातात पडल्यावरच कळलं. तो ते पान उघडून बराच वेळ एस.टी. स्टँडच्या बाकावर बसला होता. आईचं नाव त्यानं आजवर फक्त रेशनकार्डावर, हातानं लिहिलेलं, बघितलं होतं.

शाळा उघडल्यावर त्यानं तळ्याची गोष्ट वर्गात वाचली. पोरं गप्प बसून ऐकत होती. राजा माती वाहतो तिथं एकजण नकळत उभाच राहिला. वाचून झाल्यावर कस्तुरा नावाच्या एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, येसनाकच्या बायकोचं नाव काय?"

तात्यारावानं तो प्रश्न आईकडं नेला. सरजाबाईनं खूप आठवून बघितलं. "ते न्हाई आलं आमच्यापतोर," ती म्हणाली. "पण बायको व्हती, लेकरूबी व्हतं. एवढं सांग त्या पोरीला." आणि मग म्हणाली, "पोरीनं इचारलं, हेच लय झालं."

दोन वर्षांनी तात्यारावाची बदली चुडाव्याला झाली. निघायच्या आदल्या दिवशी तो अप्पांना भेटायला गेला. काय काय बोलायचं ते त्यानं मनाशी जुळवून ठेवलं होतं, पण समोर बसल्यावर एवढंच आलं, की अप्पा, तुम्ही त्या दिवशी लिंबाखाली माझं ऐकून घेतलंत. दुसरं कोणी असतं तर मी बोललोच नसतो.

"आरं, माझ्या आईकडून माझ्याकडं अर्धीच गोष्ट आली व्हती," अप्पा म्हणाले. "उरलेली तुझ्या आईनं दिली. मी कोणाकोणाचे उपकार मानू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवमूर्तीनं ट्रंक एस.टी.च्या टपावर चढवून दिली. मल्लम्मानं वाटेसाठी शेंगदाण्याच्या पोळ्या बांधून दिल्या होत्या. अप्पाही काठी टेकत स्टँडवर आले. सरजाबाई खिडकीपाशी बसली होती. अप्पा खिडकीखाली आले, काठी काखेत धरली आणि दोन्ही हात जोडून आपल्या लिंगायती रीतीनं म्हणाले, "शरणु, बाई."

सरजाबाईनं खिडकीतून वाकून हात जोडले. "जयभीम, अप्पा," ती म्हणाली.

कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडी हलली.