बुवांची टाच

दिशाला कॉलेजच्या टेनिसच्या टीममध्ये जागा हवी होती, आणि जागा एकच होती. प्रतिभाची दुहेरीतली जोडीदारीण पुण्याला शिकायला गेली, तिची. प्रतिभा टीमची कॅप्टन. वडिलांचा सातपूरला कारखाना, रॅकेटी तीन. आमची दिशा म्हणजे माझ्या भावाची, भिमाजीची पोर. मखमलाबादला आमचा झेंडूचा मळा. शहरातल्या एका क्लबात हार पोचवता पोचवता तिथल्या भिंतीवर चेंडू मारून ती शिकली. रॅकेटही तिथल्याच एका मॅडमनी दिलेली, जुनी.

नव्व्याण्णव साल असेल. निवडीला मी तिच्याबरोबर गेले. भिमाजी म्हणाला, "चांगुणा, तूच जा. मला तिथलं काय कळतंय?" जसं काही मला कळणार होतं! मला कळतं ते कीर्तन. पंधरा, तीस आणि मग एकदम चाळीस कसे, म्हणून रिक्षात विचारलं, तर पोर म्हणते, "आत्या, ते देवालाच विचार."

एकेरीत ती सपशेल हरली. समोरची रोशनी दणादण मारायची आणि हिचा डावीकडचा फटका जाळीत. सर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी कुठलं? तिचं हे शेवटचं वर्ष. मी पिशवी उचलली. दिशा जागची हलली नाही.

"सर, जागा दुहेरीची आहे ना? मग दुहेरीत बघा की."

सरांना हसू आलं. "काय प्रतिभा, खेळतेस?"

"खेळते. पण थोडंच हं सर, मला क्लास आहे."

रोशनी आणि आणखी एक मुलगी पलीकडे, या दोघी अलीकडे. प्रतिभा पुढे जाळीपाशी, दिशा मागे. पहिल्यांदा तर नुसता गोंधळ. एकाच चेंडूवर दोघी धावल्या, रॅकेटवर रॅकेट आपटली आणि बाकीचं मैदान मोकळं.

"अगं बाई, तो माझा होता! आंधळी कोशिंबीर खेळतेस का?"

दिशा लाल झाली. हात ओढणीला पुसले, आणि तिची नजर खाली उतरली. चेंडूवरून थेट प्रतिभाच्या बुटांवर.

ही नजर माझ्या ओळखीची! लहानपणापासून ती आमच्या देवळात टाळ घेऊन कीर्तनकार बुवांच्या मागे उभी राहते. मागून बुवांचं तोंड दिसत नाही. कथा रंगली की बुवा कुठेही वळतात, गिरकी घेतात. टाळकऱ्यांनी त्यांना वाट द्यायची, मोकळी जागा भरायची आणि टाळ चुकू द्यायचा नाही.

मग काय सांगू! प्रतिभा डावीकडे झेपावली की दिशा उजवीकडे पोचलेलीच. रोशनीने प्रतिभाच्या डोक्यावरून उंच चेंडू टाकला, तर खाली दिशा उभी. फार जोराचं काही मारलं नाही तिनं, नुसता चेंडू परत. पण तो परत आला की पुढे प्रतिभा होतीच. मला टेनिस कळत नसेल, साथ कळते. हात आपोआप जोडले गेले माझे.

क्लासची वेळ कधीच टळली होती. घामाघूम प्रतिभा मागे वळली. "ए, मी कुठे जाणार ते तुला आधीच कसं कळतं गं?"

"तुझ्या टाचेवरून. बुवांचं पण तसंच असतं. वळायच्या आधी टाच उचलते."

"कोण बुवा?"

मी बाकावरून ओरडले, "शनिवारी ये आमच्याकडे, दाखवते!"

"काकू, मध्ये बोलायचं नसतं," सर म्हणाले, पण हसत होते. प्रतिभा त्यांच्याकडे गेली. "सर, मला हीच हवी."

सरांनी दिशाच्या पायांतल्या झिजलेल्या कॅनव्हासकडे पाहिलं. "सोमवारी सकाळी ये. आणि बूट बघू काहीतरी."

शनिवारी प्रतिभा खरंच आली. टाळ हातात घेऊन दिशाशेजारी उभी राहिली आणि पहिल्याच गिरकीला बुवांना धडकली. सगळा मंडप हसला. दिशानं टाळ न थांबवता मान तिच्याकडे झुकवली.

"टाच बघ, कॅप्टन."