कानशिलाशी ऐकलेलं

मी आष्टीतल्या एका दवाखान्याच्या कोपऱ्यातल्या खोलीतली मशीन बोलतेय. नाव सोनोग्राफीचंच, पण काम निराळं. कानशिलावर थोडी जेल लावून माझी दांडी टेकवली, की मेंदूला रक्त नीट पोचतंय का ते मी ऐकते आणि ऐकवतेही. ना सुई, ना दुखणं. तरी माझ्याकडे कुणी फिरकत नाही.

शेजारच्या खोलीत पोटाची सोनोग्राफी होते. तिथं बसायला जागा नसते. मी आपली दिवसचे दिवस कापडाखाली. आमच्या डॉक्टर अस्मा मॅडम सकाळी मला चालू करून बघतात, तेवढाच काय तो माणसाचा हात. या एकटेपणाचा मला कंटाळा येतो, आणि खरं सांगायचं तर रागही येतो.

पोळ्याच्या आधी बंकटराव आले. जनावरांच्या बाजारातले दलाल. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचा, ही तिथली रीत. त्या दिवशी भर सौद्यात त्यांची उजव्या हाताची बोटं वळेचनात. घटकाभरानं हात पहिल्यासारखा झाला, पण बायको वनमालाबाईंनी त्यांना ओढतच आणलं.

"मेंदूचं रक्त कमी पडत असेल, भाऊ. हात पुन्हा जाऊ शकतो," मॅडम म्हणाल्या. "सोनोग्राफी करून बघू."

"मला? सोनोग्राफी?" बंकटराव खो खो हसले. "बाजारात लोकं म्हनतील, बंकटला दिवस गेले! हात चांगला हाय की आता. चल गं."

बाहेरच्या बायकाही तोंडाला पदर लावून हसल्या. मॅडम दारापर्यंत मागे गेल्या, वनमालाबाई रडकुंडीला आल्या, पण ते थांबले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

दिवाळीत त्यांना चाकाच्या खुर्चीवरून आणलं. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. आता नको म्हणायलाही शब्द नव्हता. मॅडमनी मला त्यांच्या डाव्या कानशिलाला लावलं. रक्ताचा आवाज आला, पण बारीक, दमलेला. पोळ्याआधीच ऐकला असता, तर औषधाला वेळ मिळाला असता.

मॅडम मला उचलणार, तोच वनमालाबाईंनी त्यांचा हात धरला.

"मॅडम, ह्यो आवाज त्यांचाच हाय का?"

"हो. त्यांच्याच रक्ताचा."

"मग राहू द्या की जरा येळ. लई दिस झाले, घरात त्यांचा आवाज न्हाई."

मॅडमनी मला तसंच धरून ठेवलं.

ते दोघं घरी परतल्यावर मला पुसलं, कापड घातलं. मला माणसाची सोबत हवी होती, पण अशी नको होती. हात क्षणभर जरी लुळा पडला, तरी हसण्यावारी नेऊ नका. बोलता येतंय तोवरच या.