श्रद्धाची ट्रेडमिल

डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगून रोज चालायची ताकीद दिली. आठवडाभर एकटीने रस्त्यावर चालून पाहिल्यावर श्रद्धाने घरात ट्रेडमिल घ्यायचं ठरवलं. तिचा नवरा प्रवीण हसायलाच लागला.

"अगं, बाहेर एवढी मोकळी हवा हाय, आन तू मशीनवर चालणार?"

तो रोज पहाटे मित्रांबरोबर शेताकडे फिरून यायचा. श्रद्धाला मात्र साजगावच्या कारखान्यातून येऊन, स्वयंपाक उरकून, अंधार पडल्यावरच सवड मिळे.

"मग आज माझ्या वेळेला माझ्याबरोबर चला," ती म्हणाली.

दोघं चौक गावच्या जुन्या हायवेच्या कडेने निघाली. रस्त्याला दिवे नव्हते. एक ट्रक इतका जवळून गेला, की प्रवीणने तिला ओढून गवतात नेलं. पुढे ढाब्यापाशी उभ्या असलेल्या पोरांपैकी कुणीतरी शीळ घातली. प्रवीण गरकन वळला, तशी ती पोरं पांगली.

"रोज असंच असतं?"

"एकटी असले की जास्तच. मला चालायचंच हाय ओ, पण जीव मुठीत धरून नाय."

रविवारी टेंपोतून ट्रेडमिल आली. सासूबाईंनी दिवाण सरकवून खिडकीजवळ जागा केली. त्या संध्याकाळी श्रद्धा घामाने निथळेपर्यंत चालली, आणि प्रवीणने आपण होऊन कुकर लावला.