योस्वाचे पाय

सुई सापडेना. शिवणाचा डबा मी तीनदा उपडा केला, गालिचा झटकला, कचऱ्याची पिशवी जमिनीवर ओतून बोटांनी चाळली, तरी सुई नाही ती नाहीच. कातडं शिवायची सुई साधी नसते. तिचं टोक तीनधारी असतं, सीलच्या जाड कातड्यातूनही ती आरपार जाते. माझ्याकडे अशा चारच आहेत. आई निजण्यापूर्वी सुया मोजायची, आणि एक जरी कमी भरली तरी घरात कुणाला आडवं होऊ द्यायची नाही. मी मात्र आदल्या संध्याकाळी सुया मोजल्या नव्हत्या.

त्याला कारण केक. योस्वाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, डाव्या बुटाचा तळ सांधत बसले होते, तेवढ्यात ओव्हनमधून करपल्याचा वास आला. दुसऱ्या दिवशी रात्री शेजारी आमोसकडे वाढदिवसाची कॉफी होती. आमच्याकडे वाढदिवस म्हटला की सगळी वस्ती लोटते, आणि टेबलावर सात तऱ्हेचे केक नसले तर वर्षभर बोलणी खावी लागतात. त्या सातांतले तीन माझे असतात. मी हातातला बूट टाकून धावले. केक वाचला आणि बूट राहिला तो राहिलाच. सकाळी मला जाग आली तेव्हा योस्वा तोच बूट घालून, नऊ कुत्री स्लेजला जुंपून समुद्राच्या बर्फावर निघून गेला होता.

तो परतला तेव्हा मी दारातच उभी होते.

"पायात काही टोचलं का रे?"

"काय टोचणार?"

"सुई. डाव्या बुटात राहिली की काय कोण जाणे."

त्याने बूट काढून माझ्याकडे फेकला. "घे, घाल हात. मला तर काही लागलं नाही. दिवसभर गळांची दोरी ओढतोय, पाय गार पडले नाहीत की दुखले नाहीत. आमोस लेकाचा दर घटकेला नाचत होता, पाय गोठले पाय गोठले म्हणून."

मी आत हात घातला, शिवण चाचपली. काही नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला आणि सुई गेली घरातच कुठेतरी, असं म्हणून मी कॉफी ठेवली. त्याने नेहमीप्रमाणे कपात साखरेचे सहा चौकोन टाकले.

योस्वाचे पाय म्हणजे आमच्या वस्तीचं कौतुक होतं. दोन वर्षांपूर्वी बर्फाच्या भेगेत त्याचा पाय गेला, बूट पाण्याने भरला, आणि हा गडी तसाच दोन तास चालत घरी आला. वर म्हणतो, "काही नाही गं, थोडा ओला झालाय." तेव्हापासून म्हातारे म्हणायचे, ह्याला आजोबाचे पाय मिळालेत. मीही काही कमी नव्हते. प्रत्येक वाढदिवसाला केक कापता कापता मी ती गोष्ट सांगायचे, आणि पुन्हा सांगायचे. आमची डोर्थे तेवढी हसायची नाही. डोर्थे माझ्या बहिणीची मुलगी, वस्तीतली एका खोलीची आरोग्य चौकी तीच चालवते.

"मावशी, काकांना एकदा तपासायला पाठव ना," ती म्हणायची.

"त्याला काय धाड भरलीय?"

"त्यांना तहान फार लागते का?"

"मासे पकडणारा माणूस आहे तो. खारं खातो, तहान लागणारच."

"साखर तपासू फक्त. बोटाला एक टोचणी."

"हे साखरेचे आजार शहरात बसून खाणाऱ्यांना होतात गं बाई," मी तिला म्हटलं होतं, आणि तिच्या बशीत केकचा आणखी एक तुकडा वाढला होता. बसून खाणारे आम्हीच झालो होतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पूर्वी समुद्र नोव्हेंबरात गोठायचा, आता जानेवारी उलटतो. तोवर पुरुषमाणसं खिडकीपाशी बसून पाण्याकडे बघतात. सील नाही, की स्लेजमागे धावणं नाही. दुकानातल्या शेवया, बिस्किटं आणि गोड पाण्याच्या बाटल्या, ह्यांवर दिवस ढकलायचे. योस्वाच्या आजोबाला साखर दिसायची ती नाताळात.

तिसऱ्या दिवशी स्लेजच्या पुढे धावणारी म्होरकी कुत्री योस्वाच्या डाव्या बुटाला नाक लावून बसली. त्याने हाकललं तरी पुन्हा आली. "माशाचं रक्त लागलंय," तो म्हणाला, आणि मलाही ते पटलं.

चौथ्या दिवशी मी उबेसाठी बुटात भरलेलं जुनं गवत काढून नवं भरायला घेतलं. गवतातून काहीतरी चमकलं. सुईच होती. पण अर्धी. नेढ्याकडचा भाग. टोकाकडचा अर्धा नव्हता.

योस्वा बाकावर लोकरीचे मोजे घालून पाय पसरून बसला होता, रेडिओवरचा वाऱ्याचा अंदाज ऐकत.

"मोजा काढ."

"कशाला?"

"काढ म्हणते ना."

त्याने हसत पाय पुढे केला. मोजा निघेना. मी कोमट पाणी लावलं, हळूहळू सोडवला. अंगठ्याखालचा मांसल भाग काळानिळा झाला होता, मधे भोक, आणि वास असा की मला खिडकी उघडावी लागली. चार दिवस माझ्या सुईचं टोक पायात घेऊन तो बर्फावर चालत होता. योस्वा वाकून बघत राहिला. तो पाय दुसऱ्या कुणाचा असावा असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. मी जखमेच्या बाजूला बोट दाबलं.

"कळतंय?"

"नाही."

"आणि इथे?"

त्याने हात लांबवून रेडिओ बंद केला.

डोर्थेने त्याचं बोट टोचलं. यंत्रावर सव्वीस आकडा आला. निरोगी माणसाचा ह्या मापात पाच-सहा असतो म्हणे. तिने शहरातल्या डॉक्टरला फोनवर पाय दाखवला. डॉक्टर म्हणाला, हेलिकॉप्टर पाठवतो, पण वारा पडल्याशिवाय ते उडणार नाही. डोर्थेने योस्वाला औषध टोचलं आणि पेनने नडगीवर एक रेघ ओढली. जिथवर लाली चढली होती तिथवर.

"मावशी, लाली ह्या रेघेच्या वर सरकली तर मला लगेच बोलव."

"सरकली तर काय होईल?"

"बोलव तू मला." तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. मग तिलाच राहवलं नाही. "थंडीसुद्धा कळू नये इतके कुणाचे पाय दणकट नसतात गं. साखरेने त्यांच्या पायातल्या नसा मेल्यात. मी तेव्हाच हट्ट धरायला हवा होता."

"तू धरला होतास. मीच ऐकलं नाही," मी म्हणाले.

दोन दिवस वारा पडला नाही. मी त्या रेघेवरून नजर काढली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लाली रेघेच्या बोटभर वर होती. डोर्थेने नवी रेघ ओढली. मला रडूही येत नव्हतं. मी नुसती चुलीपाशी जात होते आणि परत येत होते.

दुपारी आमोस आला. टोपी हातात धरून उभा राहिला. "योस्वा, तुझी कुत्री... मी चार घेऊ शकतो. त्याहून जास्त कुत्र्यांना घालायला मासळी नाही माझ्याकडे."

चार घेतो म्हणजे उरलेल्या पाचांना गोळी. हे त्याला बोलावं लागलं नाही. बर्फावर जाऊ न शकणाऱ्या माणसाने कुत्री ठेवून करायचं काय?

"अजून पाय आहे त्याचा जागेवर," मी म्हणाले. "पाय गेला की ये वाटे करायला."

आमोस खाली मान घालून गेला. बिचारा चांगल्या मनाने आला होता, पण मला तेव्हा कुणाचंच चांगलं मन सोसवत नव्हतं.

"त्याला कशाला बोललीस?" योस्वा म्हणाला. मग त्याने मान माझ्याकडे वळवली. "बेनेडिक्टे, तुला एक सांगायचं राहिलंय. दोन वर्षं झाली, मला बर्फ कळत नाही."

"म्हणजे?"

"पाय टेकला की कळायचं ना, किती जाड आहे, खाली पाणी किती जवळ. बापाने शिकवलं होतं. ते गेलं. आता पहार मारून बघतो आणि बाकीचं कुत्र्यांवर सोडतो. मागच्या महिन्यात स्लेज भिजली, आठवतं? मी म्हटलं कुत्री वेडी झाली. कुत्री शहाणी होती. ती थांबली. मीच त्यांना हाकत होतो."

ज्या पायांची गोष्ट मी घरोघरी सांगत होते, त्याच पायांवर हा माणूस दोन वर्षं आंधळ्यासारखा समुद्रावर जात होता. "आणि सगळ्यांपुढे छाती फुगवत होतास?"

"तू इतकं कौतुकाने सांगायचीस," तो म्हणाला. "मग मला बोलवेना."

संध्याकाळी वारा पडला आणि हेलिकॉप्टर आलं.

शहरात त्याची दोन बोटं काढली. पाय राहिला. सात आठवडे मी नऊ कुत्र्यांना खायला घातलं. आमोस दर दुसऱ्या दिवशी मासळीची एक पाटी न बोलता दारात ठेवून जायचा, आणि तिसऱ्या खेपेला मी त्याला आत बोलावून त्याची माफी मागितली. योस्वा एप्रिलमध्ये परतला तो काठी टेकत, आणि बिनसाखरेच्या कॉफीला शिव्या देत. रोज रात्री तो पाय माझ्या मांडीवर ठेवतो. मी दिवा जवळ ओढून तळवा, टाच, बोटांच्या मधल्या जागा बघते, मग सुया मोजते, मगच आम्ही निजतो. वाढदिवसाला मी आता वाळवलेला मासा घेऊन जाते. लोक माझ्या केकची आठवण काढतात, काढू देत.

महिनाअखेर डोर्थेने त्याला तासभर बर्फावर जायची परवानगी दिली. पाय कोरडा ठेवायचा आणि स्लेजवरून उतरायचं नाही. मी त्याचा पाय कुत्र्याच्या कातड्यात गुंडाळला. बर्फ तेव्हा उतरणीला लागला होता, काही जागी पातळ होऊन करडा पडला होता. खाडीच्या तोंडाशी त्याने कुत्री थांबवली आणि पहार माझ्या हातात दिली. तीस वर्षांच्या संसारात मी नेहमी मागे, सामानावर बसलेली.

मी पुढे झाले. पहार मारली, पाय टेकला, थांबले. मीच शिवलेल्या बुटाच्या तळातून गारवा वर आला.

"काय म्हणतायत पाय?" योस्वाने मागून विचारलं.

मी आणखी एक पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. "इथे पक्का आहे. पुढे नको. पुढे पाणी जवळ लागतंय."

एरवी तो माझ्याशी वाऱ्याच्या दिशेवरूनही वाद घालतो. त्या दिवशी त्याने लगेच कुत्री डावीकडे वळवली आणि मी पुढे चालू लागण्याची वाट बघत थांबला.