फळीखालून ऐकलेला नाच

अडीच फूट लांब, अडीच फूट रुंद अशी एक लाकडी झडप. बिजागऱ्यांना दर सोमवारी तेल.

गुडघेदुखीच्या मलमाची पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब.

पत्र्याच्या डब्यातली सतरा मिनिटांची फिल्म. तीत एक बाई नाचते आहे, पण फक्त कमरेच्या वर. कॅमेरावाल्याला कुणीतरी बजावलं होतं, ‘चेहरा सोडू नकोस.’ त्याने सोडला नाही.

एका घरात रोज जेवताना ऐकू येणारं वाक्य: “ताट वाजवू नका हो, डोकं उठतं!”

नृत्यसंग्रहालयाच्या दारावरची पाटी: ‘अपूर्ण फिल्म लोकांना दाखवल्या जात नाहीत. त्या तळघरात ठेवल्या जातात.’

“तळघरात?” पाटी वाचून म्हातारा संग्रहालय सांभाळणाऱ्या संग्रहवालीकडे वळला. “मी तळघरात एकतीस वर्षं काढलीत, पोरी. फिल्ममधल्या बाईंना तिथे पाठवायचं नाही.”

“म्हणून तर बोलावलं, मामा. उद्या संग्रहालय लोकांसाठी उघडतंय. फिल्ममध्ये बाईंचे पाय नाहीत; आज पावलांची नोंद झाली नाही, तर डबा खाली जाणार. आजवर सातजण येऊन गेले. सगळ्यांना चेहराच आठवतो.”

“ह्यांना तर तोही आठवायचा नाही,” मागून त्याची बायको म्हणाली. “नाच वर, हे खाली. उगाच नाही अख्खं नाट्यगृह ह्यांना उंदीरमामा म्हणायचं.”

उंदीरमामा रंगमंचाखाली कामाला होता. मंचाच्या मधोमध ती झडप होती. नाच संपता संपता बाई बरोबर तिच्यावर येत, मामा खालून खटका ओढे आणि बाई सगळ्यांच्या देखत गडप होत. खाली अंधारात गादी असायची. खटका एक पाऊल आधी ओढला, तर बाईंचा पाय फळीत अडकून मोडलाच असता. खालून काही दिसत नसे. डोक्यावर पावलं वाजत, फटीतून धूळ गळे आणि मामा मोजत बसे.

बाई आता नव्हत्या. मामाचे पाय जिना चढतानाही कुरकुरत.

“गुडघ्यांनी राजीनामा दिलाय,” तो टेबलाशी बसत म्हणाला. “हातांवर भागवू. हा उजवा पाय, हा डावा. लाव फिल्म.”

पडद्यावर बाई आल्या. मामाने पाहिलंच नाही. डोळे मिटून त्याने टेबलावर तळवे वाजवायला सुरुवात केली. संग्रहवालीने कॅमेरा त्याच्या हातांवर लावला होता.

“मामा, थांबा. बाई उजवीकडे झुकल्यात आणि तुम्ही डावा वाजवलात.”

“झुकू दे. भार डावीकडेच आहे. त्या फसवतायत तुला. सगळ्या लोकांना फसवायच्या. मला फसवून चालत नव्हतं.”

संग्रहवालीने फिल्म मागे नेऊन पाहिली. बाईंचा डावा खांदा खरंच खाली दबलेला होता. ती हसली, पण मग पेन खाली ठेवून म्हणाली, “मामा, एक अडचण आहे. एकाच माणसाच्या आठवणीवर नोंद होत नाही. दुसरा साक्षीदार लागतो.”

“खाली मी एकटाच होतो गं.” मामाचा चेहरा उतरला. “बरं, शेवट तरी ऐकून घे.” त्याने शेवटचा फेरा वाजवला. तीन जलद, एक लांब. “आणि खटका.”

“चुकलात,” बायको म्हणाली.

“काय?”

“लांब वाजल्यावर अजून एक असतो. हलका. तो राहिला. मोडलात ना बाईंचा पाय!”

मामाने शेवटचा फेरा पुन्हा हळूच वाजवून पाहिला.

“मामी, तुम्ही नाच पाहिला होता?”

“कुठला! रोज जेवताना ताटाशेजारी ह्यांची बोटं चालायची. मी ओरडायचे, हे पुन्हा पहिल्यापासून सुरू. पाठ नाही होणार तर काय?”

“मामा, तुम्ही जरा बाहेर बसा. मामींची साक्ष वेगळी घ्यायचीय.”

“मी? अगं, नाच माझा!”

“बसा हो बाहेर,” बायको पदर खोचत म्हणाली.

दाराबाहेरच्या बाकावर बसून मामाने सतरा मिनिटं ऐकलं. एका जागी त्याचा हात आपोआप खटक्यासाठी वर गेला. आत शेवटचा हलका ठोका पडला, तेव्हाच तो खाली आला.

संग्रहवालीने दार उघडलं. “सगळं जुळलं. आणि मामा, शेवट मामींचा धरलाय.”

“धर. घरातही त्यांचाच असतो.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या दालनात वरच्या पडद्यावर बाई नाचत होत्या. खालच्या पडद्यावर फक्त चार हात होते, दोन केसाळ, दोन बांगड्यांचे. शाळेतली एक मुलगी त्या हातांकडे बघत फरशीवर पाय टाकून पाहत होती. मामाने आज डोळे उघडे ठेवले होते.

“बाई देखण्या होत्या की हो,” बायको म्हणाली.

“असं दिसतंय खरं.”

झडपेखालची गादी पहिल्या वर्षी बायकोने घरातली काढून दिली होती; त्या वर्षी दोघं चटईवर झोपली.